साडू म्हणतोय आमच्या गटात ये : वर्षाचे ४५ हजार भरावेत का?

डोमल२७ (लातूर)

रामराम मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतो, लिहायची ही पहिलीच खेप.

माझं लातूरला ॲल्युमिनियम स्लायडिंग, मच्छरजाळी आणि ऑफिस पार्टिशनचं काम आहे. सहा वर्षं झाली. भाड्याचा गाळा, तीन कारागीर, मापाला जायला एक पोरगा आणि मी. वर्षाला ४० लाखांच्या आसपास काम होतं. सेक्शन, काच, मजुरी, भाडं सगळं जाऊन हातात १५ टक्के उरले तर वर्ष बरं गेलं म्हणायचं.

गेल्या महिन्यात साडूनं एका व्यावसायिक गटाच्या बैठकीला नेलं. सकाळी ७ वाजता, हॉटेलच्या हॉलमध्ये. निम्मे लोक कोट घालून. प्रत्येकानं उभं राहून मिनिटभर स्वतःच्या धंद्याविषयी बोलायचं, मग कुणी कुणाला काम मिळवून दिलं ते सांगायचं, की टाळ्या. एका धंद्याचा एकच माणूस घेतात. मला म्हणाले, "स्लायडिंगची जागा रिकामी आहे. या आठवड्यात फॉर्म भरा, नाहीतर दुसरा एक जण थांबलाय."

फी ३८,५००, वर जीएसटी. नाश्त्याचे दर आठवड्याला ४०० वेगळे. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त दांड्या चालत नाहीत, अगदीच अडचण असली तर आपल्या बदल्यात माणूस पाठवायचा.

साडू विम्याचं काम करतो, आठ महिन्यांपासून आत आहे. खूश दिसतो. बायको म्हणते, त्यापेक्षा नवीन कटिंग मशीन घ्या. मला काहीच सुचंना. कुणाचा अनुभव आहे का?

वाळूज_टर्निंग

आधी आकडा मांडा दादा. ३८,५०० वर १८ टक्के म्हणजे ६,९३०. झाले ४५,४३०. नाश्ता ५० आठवडे धरला तर २० हजार. एकूण ६५,४३०. तुमचे १५ टक्के सुटतात म्हणजे हा खर्च निघायलाच ४ लाख ३६ हजारांचं *नवीन* काम लागतं. नवीन म्हणजे गट नसता तर आलंच नसतं असं. ओळखीचाच आर्किटेक्ट तिथं बसला असेल आणि त्याचं नेहमीचं काम त्यानं टाळ्या वाजवून दिलं, तर ते यात धरायचं नाही.

एका बंगल्याच्या खिडक्यांचं बिल किती होतं तुमच्याकडं?

डोमल२७

साधा बंगला असला तर सव्वा ते दीड लाख. म्हणजे तीन-चार बंगले जास्तीचे. ऐकायला काहीच नाही वाटत.

वाळूज_टर्निंग

वेळ धरला नाही अजून. दर आठवड्याची बैठक, जाणंयेणं, वर एकेका सभासदाला वेगळं भेटा म्हणतात ते. आठवड्याचे ५ तास गेले तर वर्षाचे २५० झाले. सकाळी कारागिरांना काम लावून कोण देतं, तुम्हीच ना?

पुणेरी_पगडी_नाही

कोट घालून इडली खायचे ४५ हजार 😄

कोपरा_अन्_कपाट (नांदेड)

हसणाऱ्यांनी हसावं. मी इंटिरिअरचं काम करते, अशाच एका गटात आता दुसरं वर्ष चालू आहे. माझे खरे आकडे सांगते.

पहिले चार महिने शून्य. एकसुद्धा काम नाही. घरी बोलणी खाल्ली. सकाळी ७ ची बैठक म्हणजे साडेपाचला उठून दोन डबे, सासऱ्यांचा चहा, आणि मग साडी नेसून हॉलवर. पुरुषांना त्या ७ ची किंमत कळत नाही. पाचव्या महिन्यात गटातल्या एका डेंटिस्टनं त्याच्या मित्राचं क्लिनिक दिलं. तिथून पुढं वर्षअखेरपर्यंत सात कामं. त्यातली तीन डॉक्टरांचीच, कारण एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचं क्लिनिक बघून येतो.

पण माझं एक काम ४-५ लाखांचं असतं आणि शहरात मी नवीन होते. माहेर परभणी, नांदेडात ओळख कुणाची नाही. बांधकामाच्या लोकांत बाई म्हणून एकटीनं जाऊन कार्ड देणं आणि गटातल्या माणसानं "या आमच्या सभासद" म्हणून ओळख करून देणं यात फार फरक पडतो. मी ते विकत घेतलं. मला परवडलं.

तुम्ही सहा वर्षं लातुरात आहात. तुम्हाला ती ओळख विकत घ्यायची गरज आहे का, एवढंच बघा.

उदगीरचा_बापू

आमच्या हिकडं बी एक गट निघाला होता. बैठक नेमकी येळवशीला, म्हंजे येळ अमावस्येला आली. अध्यक्ष म्हनले हजेरी लागंल. सगळे शेतात, आंबील अन् भज्जी खाऊलालेत, अन् अध्यक्ष एकटे हॉलवर. त्याच महिन्यात बंद पडला गट 😂

मोंढ्यातला

वय झालं, टाईप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आडतीवर ३१ वर्षं काढली. आमच्याकडं एकमेकांना गिऱ्हाईक पाठवणं पहिल्यापासून आहे, फक्त त्याची पावती फाडत नव्हते. शेतकरी सोयाबीनची पट्टी घेऊन निघाला की विचारायचा, मालक, बी कुठून घेऊ, भांडी कुठं घेऊ, पोरीच्या लग्नाला कापड कुठलं. मी नाव सांगायचो. पण नाव सांगितलं की ते माझ्या अंगावर यायचं. बी उगवलं नाही तर तो माणूस दुकानदाराकडं जायचा नाही, आधी माझ्या गादीवर येऊन बसायचा. म्हणून आम्ही दहा वेळा विचार करून नाव घ्यायचो.

तुमच्या गटात कुणी तुमचं नाव सांगितलं आणि तुमची खिडकी पावसात गळली, तर तो घरमालक कुणाच्या गादीवर येऊन बसणार? आणि तुम्ही ज्याचं नाव सांगाल त्यानं काम बिघडवलं तर? फी भरून सगळ्यांचीच नावं सांगायला लागत असतील तर नाव सांगण्याला वजन राहतं का? एवढंच मला समजून घ्यायचंय. नवीन पद्धतीला नावं ठेवत नाही.

कोपरा_अन्_कपाट

काका, हा प्रश्न अगदी बरोबर आहे. चांगल्या गटात हे सांभाळतात. मी आमच्यातल्या दोघांची नावं आजवर कुणालाही दिली नाहीत, त्यांचं काम बघितल्यावर धीर झाला नाही. त्याबद्दल मला कुणी बोललं नाही. पण दर आठवड्याला काहीतरी द्यायचंच असा दबाव असलेले गटही असतात, तिथं मग नुसते फोन नंबर वाटले जातात.

माजी_सभासद (छ. संभाजीनगर)

नंबर वाटण्यावरून आठवलं. गटाचं नाव घेत नाही. माझं इलेक्ट्रिकल गुत्तेदारीचं काम. वर्षभरात माझ्या नावावर ३४ रेफरल, म्हणजे सुचवलेली गिऱ्हाइकं, लागले. त्यात "माझ्या भाच्याला पंखा बसवायचाय" हाही एक. प्रत्यक्षात काम झालं सहा ठिकाणी, आणि त्या सहांतले चार गटातलेच सभासद.

आता खरी गंमत. एका सभासदाच्या शोरूमचं वायरिंग केलं. गटातला माणूस म्हणून भाव पाडून. बिल १ लाख ४०, हातात आले ८०. उरलेले ६० हजार दीड वर्ष झालं. त्या वर्षात दर मंगळवारी सकाळी त्याच्या शेजारी बसून पोहे खायचे, त्यानं उठून माझ्या कामाचं कौतुक करायचं, मी टाळ्या वाजवायच्या, आणि पैशाचा विषय काढायचा नाही. काढला तर "इथं वातावरण पॉझिटिव्ह ठेवू". बाहेरचा गिऱ्हाईक असता तर मी तिसऱ्या महिन्यात दारात जाऊन बसलो असतो.

मुदत संपल्यावर पुन्हा भरले नाहीत. शिकलो मात्र एक. एका मिनिटात आपलं काम सांगता यायला लागलं. पूर्वी मी अर्थिंगपासून सुरू करायचो.

जालना_स्टील

आमचे गिऱ्हाईक म्हणजे रोलिंग मिलचे खरेदीवाले. ते असल्या गटात येत नाहीत. आम्हाला मसिआ, सीएमआयए या उद्योजक संघटना, प्रदर्शनं आणि कंपनीच्या गेटवरची चिकाटी हेच उपयोगी. तुमचं गिऱ्हाईक घरमालक आहे, तुमचं वेगळं.

धागामालक_नाही_पण

छ. संभाजीनगर लिहिलं म्हणून आता नावावरून सुरू होऊ नका, मागचा धागा त्यातच कुलूपबंद झाला.

जुनेपुराणे (बीड)

ही कल्पना नवी वाटते पण शंभर वर्षांहून जुनी आहे. रोटरी क्लबची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत झाली. पॉल हॅरिस हा वकील, त्याच्याबरोबर एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत, म्हणून 'रोटरी'. त्यांच्यातही एका धंद्याचा एकच माणूस होता आणि सुरुवातीला एकमेकांना धंदा द्यायचा हे उघड उघड होतं. पुढं ते मागं पडलं आणि समाजसेवा पुढं आली. १९८५ मध्ये आयव्हन मिसनर यानं कॅलिफोर्नियात बीएनआय हे अशाच गटांचं जाळं काढलं, तेव्हा धंदा देणं हाच मुख्य हेतू ठेवला : आधी द्या, मग मिळेल. आपल्याकडं माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे, मराठी उद्योजकांसाठी.

मला यातली मेख एका धंद्याच्या एका जागेत दिसते. "तुमची जागा जाईल" या वाक्यात सगळं विकायचं कसब आहे. पण जागा गेली तर काय होईल? लातुरात स्लायडिंगवाले किती आहेत आणि त्यांना गटाशिवाय काम मिळतं का, ते तुम्हीच सांगा.

डोमल२७

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. जमेल तशी उत्तरं देतो.

लातुरात आमच्या कामाचे पन्नास तरी जण असतील, बहुतेक सगळे गटाबाहेरच. पोटाला मिळतं सगळ्यांना.

नांदेडच्या ताईंनी विचारलं ओळख विकत घ्यायची गरज आहे का. काल रात्री बिलबुकं काढून बसलो. दोन वर्षांतली कामं कुठून आली ते एका वहीत लिहिलं. निम्म्याच्या वर जुन्या गिऱ्हाईकानं पाठवलेली. त्याच्या खालोखाल दोन गवंडी मिस्त्री आणि एक इंजिनिअर. गाळ्याची पाटी बघून आलेले अकरा. हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आणि दुसरं जे निघालं ते बघून झोप लागली नाही. बाहेर अडकलेले पैसे ३ लाख ८० हजार. त्यातले अडीच लाख एकट्या एका बिल्डरकडं.

खातेवही_सीए

हे वाक्य तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. वर्षाच्या तुमच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त रक्कम लोकांकडं पडून आहे आणि तुम्ही आणखी गिऱ्हाईक आणायला पैसे भरायचा विचार करताय.

फीबद्दल आधी सांगते. ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते. तिच्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर आपल्या करातून वजा होणं, मात्र गृहीत धरू नका. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये क्लबच्या सभासदत्वाचं क्रेडिट अडवलेलं आहे आणि असा गट 'क्लब' धरायचा का यावर वाद होतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या जीएसटी योजनेत, असाल तर प्रश्नच नाही, क्रेडिट नाहीच. म्हणजे ४५,४३० हाच तुमचा खरा खर्च धरा.

आता बिल्डर. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, आहे का? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासूनच्या आयकराच्या नियमानं मुदतीत न दिलेली रक्कम त्या बिल्डरला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्याच वर्षी धरता येते. मार्च जवळ आला की त्याचा सीएच त्याला फोन करतो. घरमालकाला मात्र हा आयकराचा नियम लागू नाही. आणि तुमचं काम माल पुरवून बसवून देण्याचं आहे, त्यात हा कायदा कितपत लागतो यावर तंटे झालेत, म्हणून बिल कसं फाडताय ते तुमच्या सीएला नक्की दाखवा. पण निदान बिलावर उद्यम क्रमांक छापायला पैसे पडत नाहीत.

माजी_सभासद

ताई, हे मला दीड वर्षापूर्वी का नाही सांगितलं 🙏 माझा शोरूमवाला.

खातेवही_सीए

बिल कधीचं, उद्यम नोंदणी कधीची, आणि लेखी काय आहे, हे घेऊन कुणालातरी प्रत्यक्ष भेटा. धाग्यावर एवढंच सांगता येईल.

उदगीरचा_बापू

बिल्डरला कायदा दाखवला तर पुढचं काम देईल का वो तो?

वाळूज_टर्निंग

बापू, जो पैसे देत नाही त्याचं पुढचं काम घेऊन करायचं काय? (हे मी स्वतःला पण सांगतोय. वाळूजला आम्ही सगळे हेच करतो.)

ट्युशन_एरिया (लातूर)

डोमल भाऊ, मी तुमच्या गावचाच. माझं वसतिगृह आहे, ४२ पोरं. एक सांगू? लातूर पॅटर्ननं बाहेरची एवढी पोरं येतात, दर वर्षी कुणीतरी मजला चढवतो, कुणी जुन्या घराचं वसतिगृह करतो. सगळ्यांना जूनच्या आत खोल्या तयार पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये स्लायडिंगवाला सापडत नाही, सापडला तर तारीख पाळत नाही. मागच्या वर्षी माझ्या सहा खोल्या जाळीविना होत्या, डासांवरून पालकांचे फोन. आम्ही वसतिगृहवाले एकमेकांशी रोज बोलतो. ज्यानं तारीख पाळली त्याचं नाव आठवड्यात सगळीकडं होतं. त्याला फी नाही. पण तारीख पाळायला लागते, तिथंच तुम्ही लोक मार खाता.

डोमल२७

भाऊ, बोललात ते खरं आहे. आत्ताच माझ्याकडं तीन आठवड्यांचं काम साचलेलं आहे. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या.

वाळूज_टर्निंग

मग वहिनी पहिल्या दिवशी बरोबर बोलल्या. कटिंग मशीन.

कोपरा_अन्_कपाट

मीही तेच म्हणणार होते. गट वाईट नाही, पण तुमच्याकडं आलेलं काम वेळेत निघत नाही आणि निघालेल्या कामाचे पैसे येत नाहीत. अशात गटातून चार बंगले आले आणि तारखा चुकल्या, तर ४० जणांसमोर दर आठवड्याला बसायचंय. बाहेर चुकलं तर एक गिऱ्हाईक जातं, तिथं चुकलं तर ४० तोंडं.

एक करा. जायचंच असेल तर आणखी एका बैठकीला पाहुणा म्हणून जा आणि टाळ्या संपल्यावर चहाच्या वेळी तीन-चार जणांना गाठा. मागच्या वर्षी किती जण सोडून गेले, आर्किटेक्ट आणि बिल्डर नियमित येतात की नुसते नावाला आहेत, तुमच्यासारख्या धंद्यातला पूर्वी कुणी होता का आणि तो का गेला. "जागा रिकामी आहे" म्हणजे कधीपासून रिकामी आहे, हे तर विचाराच.

मोंढ्यातला

ताईंचा शेवटचा प्रश्न लाख मोलाचा.

डोमल२७

गेलो होतो काल. साडूला वाटलं फॉर्म भरायलाच आलो.

स्लायडिंगची जागा १४ महिन्यांपासून रिकामी आहे. आधीचा माणूस औशाचा होता, त्यानं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं. का ते नीट कुणी सांगेना, एक जण हळूच म्हणाला, "त्याला गाळा सोडून यायला जमेना." आर्किटेक्ट एक आहे, तोही तीन बैठकांतून एकदा. बिल्डर दोन. त्यातला एक कोण असेल? माझे अडीच लाख अडकलेत तोच. मला बघून स्वतः उठून आला, पाठीवर हात ठेवला, "अरे वा, आपले दोस्त!"

त्या क्षणाला माझा निर्णय झाला.

माजी_सभासद

पोहे होते की इडली?

डोमल२७

उपमा.

पुणेरी_पगडी_नाही

हा धागा जपून ठेवतोय.

मोंढ्यातला

निर्णय झाला, छान. पण साडूला काय सांगणार? तो गटात तुमच्या नावाचा शब्द देऊन बसला असेल. नकार द्यायचा तर घरी जाऊन, चहा घेऊन द्या. फोनवर देऊ नका. आणि त्याच्या गटाला नावं ठेवू नका, त्याला तिथं चार पैसे मिळतायत.

डोमल२७ (सव्वादोन महिन्यांनंतर)

कुणी विचारलं नाही तरी सांगून टाकतो.

मशीन घेतलं, जुनंच पण चांगल्या हालतीतलं, ५८ हजारांना. आता दोन दिवसांचं कटिंग एका दिवसात होतं. साचलेलं काम तीन आठवड्यांवरून आठ-नऊ दिवसांवर आलंय. जुन्या ४३ गिऱ्हाईकांना फोन केले, रोलर आणि जाळ्या फुकट तपासून देतो म्हणालो. २६ जणांनी या म्हणून सांगितलं, त्यातून पाच नवीन कामं निघाली. ट्युशन एरियातल्या भाऊंच्या सहा खोल्या झाल्या. तारीख पाळली, दोन दिवस आधीच दिलं, भाऊ साक्षीला आहेतच.

बिलावर उद्यम नंबर छापला. बिल्डरला सीएच्या सल्ल्यानं एक साधं पत्र पाठवलं, भाषा गोड. अडीचातले ९० हजार आले. बाकीचे देतो म्हणाला.

साडूकडं काकांनी सांगितलं तसं घरी गेलो, चहा घेतला, नाही म्हणालो. तो हो हो म्हणाला पण पुढं दोन आठवडे फोन नाही. बायको आणि तिची बहीण मधल्या मधे. परवा त्याचाच फोन आला. नव्या घराच्या खिडक्यांचं माप घ्यायला ये म्हणाला, १४ खिडक्या, सगळ्यांना थ्री ट्रॅक.

भाव मात्र विचारला नाही.

मोंढ्यातला

अॅडव्हान्स घ्या.

माजी_सभासद

आजच घ्या.